रक्तातली हाक

सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. सकाळचा पहिला तास संपवून मी वर्गाबाहेर आलो, तो दाराशी एक विद्यार्थी उभा. डाव्या हाताच्या बोटाला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळलेली, आणि चिंधीवर हळदीचा पिवळा डाग.

"काय रे, काय झालं?"

"सर, इळा लागला. लई रगत गेलं. पर मायनं हळद भरली अन् लगेच थांबलं बगा."

मी विचारले, "हळदीनं थांबलं म्हणतोस. मग परवा दाढी करताना कापलं होतं, तेव्हा हळद लावली होतीस का?"

तो हसला. म्हणाला, "न्हाई सर. तवा आपोआपच थांबलं."

वाचकहो, 'आपोआप' या शब्दाने आपण पुष्कळ गोष्टींची बोळवण करतो. पाऊस आपोआप येतो, दूध आपोआप विरजते, रक्त आपोआप थांबते. पण निसर्गात आपोआप असे काही होत नाही. कोणी तरी राबत असते, आणि ते आपल्याला दिसत नाही, एवढेच. रक्त थांबते तेव्हा कोण राबते, हे आज पाहू. मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात भाषा शिकवणारा माणूस. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत एक प्रसंग असा घडला की, हा विषय समजून घेतल्याखेरीज मला राहवेना. तो प्रसंग पुढे सांगेनच. त्याआधी थोडी ओळख करून घेऊ.

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात, पांढऱ्या पेशी असतात, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. तिसरी मंडळी मात्र फारशी कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. पुस्तकात त्यांना 'रक्तपट्टिका' म्हणतात; दवाखान्यात सगळेच 'प्लेटलेट' म्हणतात. आपण त्यांना नुसते पट्टिका म्हणू. बशीसारखा चपटा, गुळगुळीत असा हा कण. इतका बारीक की, सुमारे चारशे पट्टिका एकीला एक लावून ओळीत मांडल्या, तर एक मिलिमीटर लांबी भरेल. मोहरीच्या दाण्याएवढ्या रक्ताच्या थेंबात, म्हणजे सुमारे एक घन मिलिमीटर रक्तात, निरोगी माणसाच्या दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत पट्टिका असतात.

त्यांचा जन्म हाडांच्या मगजात होतो. तिथे काही अवाढव्य पेशी असतात. त्यांच्या अंगाचे तुकडे सुटत जातात, आणि ते तुकडे म्हणजेच पट्टिका. एकेका पेशीपासून हजारो पट्टिका निघतात, आणि शरीर दररोज सुमारे शंभर अब्ज नव्या पट्टिका तयार करते. पट्टिका हा पेशीचा तुकडा असल्यामुळे तिच्यात केंद्रक नसते. केंद्रक म्हणजे पेशीचे दप्तर. कोणती वस्तू कशी बनवायची हे त्यात नोंदलेले असते. पट्टिकेजवळ हे दप्तर नाही. जन्मताना जी शिदोरी बांधून मिळाली, तीवर तिने आठ-दहा दिवसांचे आयुष्य काढावयाचे. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिचे काम पडणार आहे.

या पट्टिका जखमेवर धावून जातात, हे इटलीतील तुरीन शहराच्या जुलिओ बित्झोझेरो या शास्त्रज्ञाने १८८२ साली दाखवून दिले. जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्याने पाहिले की, वाहिनीला इजा झाली की आधी हे कण तिथे येऊन चिकटतात. पण एक प्रश्न उरलाच. वाहत्या रक्ताबरोबर निघालेल्या बाकीच्या पट्टिकांना कळते कसे की, अमुक ठिकाणी भगदाड पडले आहे?

याचे उत्तर आपल्या शेतातच सापडेल. रात्री पाटाचे पाणी चालू आहे आणि एके ठिकाणी पाट फुटला. पाणी देणारा गडी एकटा आहे. तो काय करतो? पहिल्याने स्वतः त्या फुटीत पाय रोवून उभा राहतो. मग हाक मारतो. ती ऐकून शेजारच्या वावरातला धावतो. येता येता तोही हाक देतो. हाकेला हाक मिळते. घटकाभरात दहा माणसे माती, दगड, पोती घेऊन जमतात आणि फूट बुजते. रक्तात हेच घडते. फक्त तिथली हाक तोंडाने द्यायची नसून रसायनाने द्यायची असते.

आता विळा लागला त्या क्षणापासून क्रमाने पाहू. पहिली गोष्ट, कापलेली रक्तवाहिनी स्वतःच आखडते. दुसरी गोष्ट, वाहिनीच्या आतल्या अस्तराखाली असलेले कोलॅजेन नावाचे तंतू उघडे पडतात. एरवी रक्ताला त्यांचे दर्शन होत नाही. रक्तद्रवात व्हॉन विलेब्रँड नावाचे एक लांब, चिकट प्रथिन फिरत असते. ते या तंतूंना धरते आणि वाहत्या पट्टिकांना ओढून घेते. फुटीत पाय रोवणारा पहिला गडी तो हा.

तंतूंचा स्पर्श होताच पट्टिकेचे रूप पालटते. बशीसारखी गुळगुळीत होती ती काटेरी होते, आणि ती हाका देऊ लागते. तिच्या तीन मुख्य हाका आपण पाहू.

पहिल्या दोन हाका आयत्या असतात. पट्टिकेच्या पोटात बारीक बारीक कण्या असतात, आणि त्यांत माल भरून ठेवलेला असतो. त्या फुटल्या की एडीपी नावाचे रसायन बाहेर पडते. जवळून जाणाऱ्या पट्टिकेच्या अंगावर या एडीपीला ओळखणारे जणू कानच असतात. ते तिथे टेकले की तीही जागी होते. त्याच कण्यांतून सेरोटोनिन बाहेर पडते. ते आजूबाजूची वाहिनी आणखी आखडायला लावते. सोबत कॅल्शियमही येते, कारण पुढच्या कामाला ते लागते.

तिसरी हाक मात्र ताजी बनवावी लागते. पट्टिकेच्या अंगावरल्या स्निग्ध आवरणातून ॲराकिडॉनिक आम्ल नावाचा पदार्थ सुटतो. त्यावर सायक्लोऑक्सिजनेज नावाचे विकर काम करते. विकर म्हणजे पेशीतला कारागीर. स्वतः न संपता एका पदार्थाचा दुसरा पदार्थ घडवणारा. या कारागिराच्या हातून आणि पुढे आणखी एका कारागिराच्या हातून जे तयार होते, त्याचे नाव थ्रॉम्बॉक्सेन. स्वीडनचे बेंग्ट सॅम्युएल्सन आणि त्यांचे सहकारी यांनी ते १९७५ साली शोधून काढले. थ्रॉम्बॉक्सेन दुहेरी काम करते. पट्टिकांना बोलावते आणि वाहिनीलाही आवळते.

मौज अशी की, या जबरदस्त हाकेचे आयुष्य अगदी थोडे असते. सुमारे अर्ध्या मिनिटात तिचा अर्धा भाग निकामी होतो. हा दोष नव्हे, योजना आहे. बोटाला लागलेल्या विळ्याची हाक हृदयापर्यंत किंवा मेंदूपर्यंत ऐकू गेली, तर रक्त भलत्याच ठिकाणी गोठेल आणि माणूस दगावेल. म्हणून हाक मोठी असावी, पण ती जखमेपाशीच विरावी, अशी ही व्यवस्था आहे.

जमलेल्या पट्टिकांनी पुढे काय करायचे? एकमेकींचे हात धरायचे. जागी झालेली पट्टिका आपल्या अंगावरचे हजारो हात उघडते आणि रक्तद्रवातील फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनाच्या आधाराने दुसरीशी जोडली जाते. अशी साखळी होऊन बूच बसते. पण हे बूच कच्चे असते. मग रक्तातील इतर घटक एकामागून एक जागे होऊन थ्रॉम्बिन तयार होते, आणि ते विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून न विरघळणारे फायब्रिनचे धागे बनवते. दुधात विरजण पडावे आणि पातळ दुधाचे घट्ट दही व्हावे, तसेच हे. धाग्यांच्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात आणि खपली धरते. हे सारे घडते ते पट्टिकांच्या अंगावरच. तेव्हा हाक देणारी तीच, फुटीत उभी राहणारी तीच, आणि पुढच्या कामाला ओटा करून देणारीही तीच.

हा हातात हात नसेल तर काय होते, याची दोन उदाहरणे आपल्या भागाला जवळची आहेत.

पहिले उदाहरण काही मुलांचे. यांच्या पट्टिका संख्येने पुरेशा असतात, त्या हाकही ऐकतात, पण त्यांचे हातच जन्मतः नसतात किंवा अधू असतात. स्वित्झर्लंडचे डॉक्टर ग्लान्झमान यांनी १९१८ साली या आजाराचे वर्णन केले. अशा मुलाचा घोळणा वरचेवर फुटतो, दात पडला तरी रक्त थांबत नाही, मुलगी वयात आली की पाळीत अतोनात रक्त जाते. आईकडून आणि वडिलांकडून असे दोन्हीकडून सदोष बीज आले तरच हा आजार होतो, आणि नात्यातल्या नात्यात लग्न झाले की तसा योग अधिक येतो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अजून आहे. म्हणून हे मुद्दाम सांगतो. अशा मुलाला 'उष्णतेचा त्रास' म्हणून कांद्यावर भागवू नका. रक्ताच्या अशा आजारांसाठी मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही सरकारी संशोधन संस्था आहे. तालुक्याच्या डॉक्टरांकडून पुढची वाट विचारावी.

दुसरे उदाहरण फुरशाचे. फुरसे चावले की त्याचे विष रक्तातला गोठण्याचा सगळा माल भलत्याच ठिकाणी खर्च करून टाकते. मग खऱ्या जखमेवर गोठायला काही उरत नाही. म्हणून डॉक्टर चाव्यानंतर थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटे तसेच ठेवतात. गोठले नाही, तर विष भिनले असे समजतात. अशा माणसाच्या अंगावर ब्लेडने चीर देणे म्हणजे न थांबणारी जखम करणे होय. चीर नको, आवळून बांधणे नको, मांत्रिक नको. चावलेला भाग हलू न देता थेट दवाखाना गाठावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी लस तिथे मिळते. मुंबईच्या हाफकिनमध्ये ती घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनवीत आले आहेत. याच फुरशाच्या विषात शास्त्रज्ञांना एक पदार्थ असा सापडला की, तो पट्टिकेचा हातच धरून ठेवतो. त्याचा नमुना समोर ठेवून टायरोफिबान नावाचे औषध तयार झाले, आणि १९९८ पासून ते हृदयविकाराच्या रोग्यांना दिले जाऊ लागले. विषातूनही माणसाने विद्या काढली.

हृदयविकाराचे नाव निघालेच आहे, तर आता हाकेची दुसरी बाजू पाहू. रक्तवाहिनी धडधाकट असते तेव्हा पट्टिका चिकटत का नाहीत? कारण वाहिनीचे अस्तर त्यांना सतत 'पुढे चला, इथे काही झालेले नाही' असे सांगत असते. तेही रसायनानेच. त्यांपैकी एकाचे नाव प्रोस्टासायक्लिन. इंग्लंडचे जॉन व्हेन आणि त्यांचे सहकारी यांनी ते १९७६ साली उजेडात आणले. जखमेपाशी हाक आणि निरोगी जागी शांतता, या दोहोंच्या तोलावर आपला जीव आहे. वय, तंबाखू, विडी, मधुमेह, रक्तदाब यांनी हृदयाच्या वाहिनीचे अस्तर खराब झाले आणि तिथे चीर पडली, की पट्टिकांना वाटते, जखम झाली. त्या प्रामाणिकपणे हाक देतात, गोळा होतात, बूच बसते. पण ते बसते हृदयाला रक्त नेणाऱ्या वाटेवर. यालाच आपण हार्ट ॲटॅक म्हणतो. ज्या हाकेने बोट वाचले, त्याच हाकेने माणूस जाऊ शकतो.

मग ही हाक थोडी मंद करता आली तर? या विचारापर्यंत विज्ञान कसे पोचले, ते ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेत ग्लेनडेल गावी लॉरेन्स क्रेव्हन नावाचे एक साधे डॉक्टर होते. टॉन्सिल काढल्यावर घसा दुखू नये म्हणून त्यांचे रोगी ॲस्पिरिन असलेला चघळायचा गोंद खात. क्रेव्हन यांच्या लक्षात आले की, जे फार चघळतात त्यांना रक्तस्राव फार होतो. त्यांनी उलटा विचार केला. जे औषध रक्त गोठू देत नाही, ते हृदयातही गोठू देणार नाही! १९५० साली त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केले. त्यावेळी फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढे १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनचे गुपित उलगडले. ॲस्पिरिन त्या सायक्लोऑक्सिजनेज नावाच्या कारागिरालाच निकामी करते. कारागीर गेला की थ्रॉम्बॉक्सेन बनत नाही. सॅम्युएल्सन, व्हेन आणि सुने बर्गस्ट्रॉम या तिघांना १९८२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते या कुळातल्या रसायनांच्या संशोधनाबद्दल.

आता ती मघाची गोष्ट आठवा. पट्टिकेजवळ दप्तर नाही. केंद्रक असलेली पेशी कारागीर गेला तर नवा घडवते. पट्टिकेला ते जमत नाही. तेव्हा ॲस्पिरिनची गोळी पोटात गेली की, त्या दिवशी रक्तात असलेल्या पट्टिका ही एक हाक कायमची विसरतात. मरेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस. रोज साधारण दहावा हिस्सा नव्या पट्टिका येतात तेव्हा कुठे आवाज हळूहळू परत येतो. ज्या माणसाला एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्याला डॉक्टर रोज ॲस्पिरिनची लहान गोळी देतात ती याचसाठी. ज्यांना डॉक्टरांनी ती दिली आहे, त्यांनी माझे हे वाचून ती आपल्या मनाने बंद करू नये, ही हात जोडून विनंती. आणि ज्यांना दिलेली नाही, त्यांनी 'हृदयाला चांगली' म्हणून आपल्या मनाने सुरूही करू नये.

आता आमच्या गल्लीतला प्रसंग.

आपल्या लातूर जिल्ह्याला पाण्याची ओढ नवी नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. तेव्हापासून म्हणा किंवा त्याही आधीपासून, पाणी साठवणे हा आपला स्वभाव झाला आहे. औशाला तुम्ही कोणत्याही अंगणात जा. हौद, रांजण, प्लॅस्टिकची टाकी, जुना पिंप, काही ना काही भरलेले असते. यात आपला दोष नाही. नळ रोज येत नाही, त्याला माणूस काय करील? पण डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या, स्वच्छ, उघड्या पाण्यात वाढतो. तो चावतोही दिवसा.

पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकूंना ताप भरला. अंग असे दुखू लागले की हाडे मोडल्यागत. मुलाने दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणल्या. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ दिल्या. काकू म्हणाल्या, "बरं वाटतंय रे बाबा." तिसऱ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त आले, अंगावर लाल ठिपके उठले. आम्ही त्यांना लातूरला नेले. वीस किलोमीटरचा रस्ता, पण त्या दिवशी तो सरता सरेना. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कोणती गोळी दिली होती?" मुलगा म्हणाला, "पांढरी होती." पाकीट चुलीत गेलेले. एवढा शिकलेला मी, शेजारी राहून मलाही ते ठाऊक नव्हते.

काकू बऱ्या झाल्या. पण डॉक्टरांनी तो प्रश्न का विचारला, हे मला नंतर उमगले. डेंग्यूत दोन गोष्टी होतात. विषाणूमुळे मगजातली पट्टिकांची निपज मंदावते आणि रक्तातल्या पट्टिकाही लवकर नाश पावतात. म्हणजे हाक देणारेच थोडे उरतात. अशा वेळी ॲस्पिरिन दिले, तर उरलेल्यांचाही आवाज बसतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या अंगदुखीच्या गोळ्याही त्याच कारागिराला अडवतात. त्यांचा परिणाम ॲस्पिरिनइतका टिकाऊ नाही, पण ऐन वेळी तोही नडतो, शिवाय त्या जठरालाही इजा करतात. पाट फुटलेला, गडी चारच, आणि त्यांच्याही तोंडाला फडके बांधलेले, अशी ही अवस्था.

म्हणून पावसाळ्यातल्या आणि दिवाळीपर्यंतच्या तापात काय करावे, ते थोडक्यात सांगतो. ताप उतरवायचा तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढेच. पाणी, ताक, पेज, मीठ-साखरेचे पाणी भरपूर. दुकानातली 'अंगदुखीची' गोळी नको, आणि 'सुई टोचा' म्हणून डॉक्टरांच्या मागेही लागू नका. पट्टिका कमी असताना स्नायूत दिलेल्या सुईच्या जागी रक्त साकळते. पोट फार दुखणे, सारखी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, फार ग्लानी किंवा तगमग, यांपैकी काही दिसले की रात्र आहे म्हणून थांबू नये. ध्यानात ठेवा, ताप उतरतो त्याच सुमारास डेंग्यूचा धोका वाढतो. कारण तेव्हा बारीक वाहिन्यांतून रक्तातले पाणी पाझरू लागते. पपईच्या पानाचा रस कोणी देत असेल, तर त्यापायी दवाखान्याला उशीर होऊ देऊ नये. आणि घरात ज्यांना हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे त्यांना ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक. 'प्लेटलेट किती?' हा आकडा हल्ली घरोघर विचारतात. साठ हजार म्हटले की नातेवाईक घाबरून पिशवीच्या शोधात धावतात. परंतु रक्तस्राव होत नसेल, तर नुसता आकडा उतरला म्हणून पट्टिका चढवण्याची गरज सहसा नसते. आकडा दहा हजारांच्या खाली जाऊ लागला, म्हणजे डॉक्टर त्याचा विचार करतात. हा निर्णय त्यांच्यावर सोडावा. ज्याला खरोखर पट्टिका हव्यात, त्याची पिशवी दुसऱ्याच्या भीतीपायी जाऊ नये. कारण पट्टिका साठवून ठेवता येत नाहीत. वीस ते चोवीस अंश तापमानात, सतत हलत्या ठेवून, त्या सुमारे पाच दिवस टिकतात. पंधरा ऑगस्टच्या शिबिरातले रक्तदान पट्टिकांच्या दृष्टीने वीस तारखेनंतर उपयोगाचे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आपल्या तालुक्याला जखम म्हणजे काय, हे कायमचे शिकवले. पण रक्ताची गरज अशा एका पहाटेपुरती नसते. गावात दहा तरुणांनी पाळी लावून वर्षभर रक्तदान केले, तर ते एका दिवशीच्या शंभरांपेक्षा पट्टिकांसाठी अधिक कामाचे.

शिक्षक बंधू-भगिनींना एक खेळ सुचवतो. चाळीस मुलांना पटांगणात विस्कळीत उभे करा. एकाच्या पाठीवर थाप मारा. त्याने हात वर करून 'या' म्हणावे. ज्याला दोन हातांच्या अंतरावरून हाक ऐकू येईल, त्याने सरकून त्याचा हात धरावा आणि स्वतः हाक द्यावी. बघता बघता साखळी होईल. दुसऱ्या खेपेला तीस मुलांना गुपचूप सांगा की, तुम्ही मुके. ऐकायचे, पण हाक द्यायची नाही. साखळी दोन-चार मुलांपाशीच थांबेल. तिसऱ्या खेपेला वीस मुलांना बाहेरच बसवा आणि उरलेल्यांतले पंधरा मुके करा. हा झाला डेंग्यूत घेतलेला ॲस्पिरिनचा डोस. मुले हे घरी जाऊन सांगतील, आणि मुलांनी सांगितलेले घरात ऐकतात. त्याच तासाला त्यांना हेही सांगा की, आठवड्यातून एक दिवस हौद-रांजण रिकामे करून आतून घासायचे. डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, नुसते पाणी ओतून जात नाहीत. जे रिकामे करता येत नाही, ते घट्ट झाकायचे.

आता आपल्या विद्यार्थ्याच्या बोटाकडे येऊ. त्याच्या मायने हळद भरली आणि वरून चिंधी घट्ट दाबून धरली. दाबामुळे रक्ताचा लोट कमी झाला, पट्टिकांना एकमेकींची हाक ऐकायला सवड मिळाली आणि बूच बसले. श्रेय द्यायचे तर मायच्या हाताच्या त्या दाबाला. म्हणून जखम झाली की स्वच्छ फडके दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे. थांबले का, थांबले का म्हणून घडी घडी उचलून पाहू नये, कारण तेवढ्यात कच्चे बूच निघून येते. माती, तंबाखू, चुना, विडीची राख जखमेत भरू नये. लोखंड लागले असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

आमच्या काकूंच्या घरात आता भिंतीला खिळ्यावर एक कापडी पिशवी टांगलेली आहे. घरात कोणी कोणतीही गोळी घेतली, तरी तिचे पाकीट त्या पिशवीत जाते. दुखणेकरी दवाखान्यात निघाला की पिशवीही त्याच्याबरोबर निघते. चार आण्यांच्या चिंधीची ती पिशवी. तेवढी एक आपल्याही घरी, आजच, टांगा.